स्टॉपर बॅक

उम्म अल-कुवैनच्या क्लबात टेप बांधायचं काम माझं.
अकरा जणांचे बावीस घोटे,
पण डोळे मिटून ओळखावा असा एकच:
वितोल्ड ड्रोझ्दचा डावा,
पावसाळ्यातल्या गुळाच्या ढेपेसारखा एका अंगाला बसलेला.
जर्मनीत मोडला, सायप्रसला वाकडा जुळला,
आणि तसाच विमानात बसून इकडे आला.

सोबत दोन बॅगा आणि इस्त्रीचं टेबल.
टेबल कशाला, कुणी विचारलं नाही. मी विचारलं.
म्हणाला, दुसऱ्यांची सगळी टेबलं
माझ्या कमरेला बुटकी पडतात.

गाव बोख्निया. आजोबा मिठाच्या खाणीत, बापही तिथेच,
गावाच्या खाली दुसरं गाव असावं इतके खोल.
हा एकटाच वर राहिला, गवतावर,
आणि वीस वर्षं जमिनीवरून घसरत
दुसऱ्यांच्या पायातले चेंडू काढत राहिला.
घराण्याचा गुण, म्हणायचा.
मॅचनंतर जर्सीवर पांढरे नकाशे उमटायचे,
तो मनगट चाटून बघायचा:
"आमचं जास्त खारट."

मीही स्टॉपरच. कोल्हापुरात, तालमीच्या टीमचा.
आमच्याकडे गोल मारला त्याला खांद्यावर घेतात, गुलाल उधळतात,
आणि वाचवला त्याला विचारतात,
"भावा, बॉल तिथवर येऊच कसा दिलास?"
हे त्याला मोडक्या इंग्रजीत सांगितलं
तर इतका हसला की टेप वाकडी गेली,
पुन्हा सोडून बांधावी लागली.

देशाकडून तो एकदाच खेळला. अकरा मिनिटं.
चेंडू दोनदा पायाला लागला,
त्यातला एक सरळ बाहेर.
आई अजून पाहुण्यांना ते अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग दाखवते
आणि बाहेर गेलेल्या चेंडूच्या वेळी
मुद्दाम चहा ओतते.

शेवटची मॅच फेब्रुवारीत.
इशाच्या नमाजानंतर खाडीवरून धुकं चढलं,
पलीकडचा गोल दिसेना, मग अलीकडचाही.
सत्त्याऐंशीव्या मिनिटाला त्यांचा पोरगा सुटला,
वाऱ्यासारखा, एकोणीस वर्षांचा.
वितोल्ड धावला नाही.
घसरला नाही.
नुसता दोन पावलं डावीकडे सरकून उभा राहिला,
जिथे उभं राहायला शिकण्यात
माणसाचे गुडघे संपतात.
धप्प.
छातीवर चेंडू आदळल्याचा आवाज तेवढा आला.
कॅमेऱ्यात धुकं. पेपरात शून्य-शून्य.

टेप संपली की आतली पुठ्ठ्याची नळी उरते.
तीन हंगाम मी त्या टाकल्या नव्हत्या.
प्रत्येकीच्या आत पेन्सिलीनं तारीख,
आणि त्या दिवशी न झालेले गोल, ह्याच्यामुळे.
दुसरं काय देणार होतो मी? खोकं त्याच्या हातात दिलं.

त्यानं इस्त्रीच्या टेबलावर एकेक नळी उभी केली,
डोळ्याला लावून दुर्बिणीसारखी वाचली.
बराच वेळ काही बोलला नाही.
मग एक नळी बाजूला काढून म्हणाला,
"दिब्बाचे तीन नाहीत, दोन.
तिसरा वाऱ्यानं वळवला."
आणि माझीच पेन्सिल घेऊन खोडला.

आता खाडीकाठच्या मैदानावर पोरांना शिकवतो.
सगळ्यांना पुढे खेळायचं असतं.
मागे ठेवलं म्हणून बेकरीवाल्या कुन्हम्मदचा सलीम
परवा बूट काढून रडत बसला.
"तुम्ही किती गोल मारले?" त्यानं विचारलं.
"सहा," वितोल्ड म्हणाला, "दोन आपल्याच जाळ्यात."
सलीम रडता रडता हसला,
मग एकच बूट घातला.

आता त्या घोट्याला टेपची गरज नाही.
तरी शुक्रवारी संध्याकाळी येतो,
बाकावर बसतो, डावा पाय पुढे करतो.
मी विचारत नाही.
बांधतो.